व्यसनमुक्ती समुपदेशनातील पहिले मूल्यमापन आणि व्यावसायिक नीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न प्रशिक्षणवर्गांत नव्या समुपदेशकांनी आणि केंद्राच्या दारात चिंतेने उभ्या असलेल्या नातेवाइकांनी अनेक वर्षे विचारलेले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील कामाच्या अनुभवावर आणि देशात लागू असलेल्या कायद्यांवर आधारलेली आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात कायद्याची गुंतागुंत असेल, तर वकिलाचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

मूल्यमापन म्हणजे फॉर्म भरून घेणे. त्यात नीतीचा प्रश्न येतोच कुठे?

पहिल्या तासाभराच्या बोलण्यावरून जे कागदावर उतरते, त्यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात: माणूस घरी राहून उपचार घेणार की दाखल होणार, त्याला औषधे लागणार की नाही, घरचे लोक त्याच्याकडे आजारी म्हणून पाहणार की गुन्हेगार म्हणून, आणि कधीकधी त्याची नोकरी टिकणार की जाणार. हा तास बहुधा त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुबळ्या क्षणी येतो. आदल्या रात्री घरात भांडण झालेले असते, हात थरथरत असतात आणि समोर अनोळखी माणूस पेन घेऊन बसलेला असतो.

यातील बराचसा भाग आता केवळ सद्सद्विवेकावर सोडलेला नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. त्यामुळे गोपनीयता, माहितीपूर्ण संमती आणि स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क हे सर्व व्यसनाच्या उपचारांसाठी आलेल्या माणसालाही मिळते. ‘तो कायदा मनोरुग्णालयांसाठी आहे, आमच्यासाठी नाही’ असे सांगणारे केंद्रचालक अजूनही भेटतात. त्यांनी व्याख्येचे कलम एकदा शांतपणे वाचावे.

घरच्यांनी जबरदस्तीने आणलेल्या माणसाचे मूल्यमापन करावे का?

करावे, परंतु त्याआधी आपण कोणासाठी काम करत आहोत हे स्वतःशी आणि त्याच्याशी स्पष्ट करून घ्यावे. फी भाऊ भरतो, अपॉइंटमेंट बायकोने घेतलेली असते आणि गाडीतून उतरवून मेहुण्याने आत आणलेले असते. तरीही ज्याच्याविषयी कागदावर लिहिले जाणार आहे, तोच आपला रुग्ण असतो. या उत्तरात सांगितलेली गोष्ट पक्की झाली, तर खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचू लागतात.

व्यवहारात याचा अर्थ असा, की सर्वांना बाहेर बसवून आधी त्याच्याशी एकट्याने बोलावे. आपण कोण, कशासाठी विचारणार, काय लिहून ठेवणार, ते कोण वाचू शकेल आणि कोणत्या प्रसंगी आपल्याला गप्प बसता येणार नाही, हे त्याला मराठीत, त्याच्या बोलीत समजेल असे सांगावे. मगच विचारावे: ‘एवढे ऐकल्यावर तुम्हाला माझ्याशी बोलायचे आहे का?’ तो नाही म्हणाला, तर त्या दिवशी प्रश्नावली उघडू नये. हवा-पाण्यावर, शेतीवर, मुलांच्या शाळेवर अर्धा तास बोलून लोक आपणहून दुसऱ्या दिवशी परत आलेले मी पाहिले आहेत.

सुरुवातीच्या काळात मी याच्या उलट वागलो होतो. एका गृहस्थांना पत्नीसमोरच दारूचे प्रमाण विचारले, त्यांनी मान खाली घालून अर्धे सांगितले आणि मी ते तसेच लिहून घेतले. आठवडाभराने ते एकटे बोलले तेव्हा खरा आकडा कळला, आणि तोपर्यंत औषधांचा विचार चुकीच्या आकड्यावर झालेला होता. चूक त्यांनी खोटे बोलण्याची नव्हती. मी तो प्रश्न बायकोसमोर विचारला, ही होती.

माणूस नशेत आला असेल, तर त्याने केलेली सही संमती मानायची का?

नाही. समजून घेण्याची, तोलून पाहण्याची आणि निर्णय सांगण्याची क्षमता त्या क्षणी असली पाहिजे. ती नशेत झाकोळलेली असते आणि उतरल्यावर बहुधा परत येते. म्हणून सविस्तर मूल्यमापन पुढे ढकलावे. मात्र पुढे ढकलणे म्हणजे ‘उद्या शुद्धीवर आल्यावर या’ असे सांगून दार लावणे नव्हे. रोज पिणाऱ्या माणसाने दारू अचानक थांबवली, तर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, ताप आणि गोंधळलेली अवस्था येऊ शकते, जी वेळीच न ओळखल्यास जिवावर बेतते. त्यामुळे शेवटचा पेग कधी घेतला, पूर्वी दारू सोडताना फिट आली होती का, आणि सोबत झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे तीन प्रश्न नशेतल्या माणसालाही, आणि गरज पडल्यास सोबत आलेल्यालाही, विचारावे. उत्तर काळजीचे असेल तर डॉक्टरांकडे तत्काळ पाठवावे. जीव वाचवण्यासाठी लागणारी एवढी माहिती विचारण्यात गोपनीयतेचा भंग नाही.

‘फक्त एक क्वार्टर घेतो’ असे सांगितले, तर प्रश्नावलीत काय लिहायचे?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मला तो नीतीचाच वाटतो, कारण चुकीच्या मापाने मोजून दिलेला निष्कर्ष हा त्या माणसावर केलेला अन्याय असतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तिचे गुण शून्य ते चाळीस असतात आणि आठ किंवा अधिक गुण आले तर पुढे चौकशी करण्याची गरज मानली जाते. या प्रश्नावलीतील ‘एक ड्रिंक’ म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, दारूची ताकद ४२.८ टक्के धरली तर, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘एक क्वार्टर’ ही सहा ड्रिंक्स झाली. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर साधारण चार ड्रिंक्सइतकी होते. रोज क्वार्टर पिणाऱ्या माणसाचे उत्तर समुपदेशकाने ‘एक’ असे लिहिले, तर प्रमाणाच्या प्रश्नाला शून्य गुण मिळतात आणि एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक्स किती वेळा होतात या प्रश्नालाही शून्य. बरोबर लिहिले तर पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला चार. दोनच प्रश्नांत सहा गुणांचा फरक पडतो. म्हणून माणसाला त्याच्याच मापात बोलू द्यावे, नाइन्टी, चपटी, क्वार्टर, खंबा जे असेल ते, आणि रूपांतर आपण करावे. देशी, ताडी किंवा हातभट्टीच्या बाबतीत ताकद निश्चित धरता येत नाही. तिथे ग्लास किती मोठा, किती रुपयांची आणि कोणासोबत, असे विचारून अंदाज लिहावा आणि तो अंदाज आहे हेही लिहावे.

गुण जास्त आले म्हणजे माणूस व्यसनी ठरला का?

प्रश्नावली ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक तिच्यावर अवलंबून आहेत. पिणारा प्रत्येक जण व्यसनी असतो असे गृहीत धरून बसलेला समुपदेशक आणि ‘सगळेच पितात’ म्हणून सोडून देणारा, दोघेही सारखेच चुकतात. शिवाय निदान करणे हे पात्रताधारक तज्ज्ञाचे काम आहे. समुपदेशनाचा एखादा पदविका अभ्यासक्रम केलेल्याने आपले निरीक्षण आणि गुण लिहावेत, आजाराचे नाव लिहिण्याचे काम मनोविकारतज्ज्ञावर सोडावे.

न सांगता लघवीची तपासणी करून घेतली, तर काय बिघडले?

विश्वास बिघडतो. तपासणी कशासाठी, निकाल कोणाला कळणार आणि नकार दिल्यास काय होणार, हे सांगूनच नमुना घ्यावा. रक्ताचा नमुना घेतला आहेच तर एचआयव्हीचीही तपासणी करून टाकू, असे तर मुळीच करू नये. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स विषयक कायद्यानुसार त्यासाठी माहितीपूर्ण संमती लागते, आणि सुईने नशा करणाऱ्यांच्या बाबतीत हा नियम वारंवार धाब्यावर बसवला जातो.

झटपट पट्टीच्या निकालावर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहे. नियमित गांजा ओढणाऱ्याने सोडल्यानंतरही तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. कोडीनचे खोकल्याचे औषध घेतले तरी अफूवर्गीय पदार्थांची पट्टी रंग बदलते. आणि आपल्याकडची गंमत म्हणजे खसखस: ती अफूच्याच झाडाची बी असल्यामुळे दिवाळीत अनारशांवर ताव मारलेल्या माणसाचा निकालही कधीकधी घोटाळ्यात टाकू शकतो. पट्टीच्या एका रेघेवरून कोणाला खोटारडे ठरवण्याआधी प्रयोगशाळेतून खात्रीची तपासणी करून घ्यावी.

‘तो आत काय म्हणाला?’ असे पत्नी विचारते. तिला सांगायचे नाही का?

त्याच्या परवानगीशिवाय नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २३ नुसार आजाराविषयी आणि उपचारांविषयी मिळालेली माहिती गुप्त ठेवायची असते. अपवाद आहेत: उपचारासाठी आवश्यक तेवढी माहिती नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने मदत करणाऱ्या व्यक्तीला, आणि इतर उपचारकांना देता येते, तसेच कोणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती उघड करता येते. नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे प्रौढ रुग्ण लेखी ठरवू शकतो आणि ती व्यक्ती पत्नी किंवा वडीलच असली पाहिजे असे नाही. काही पुरुष मित्राचे नाव लिहितात, काही स्त्रिया माहेरच्या बहिणीचे. समुपदेशकाने भुवया उंचावू नयेत.

पण येथे एक बारकावा आहे. माहिती देणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. पत्नीचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणतीही आडकाठी नाही; उलट तिने सांगितलेल्या गोष्टींशिवाय मूल्यमापन बहुतेक वेळा अपुरे राहते. तिला स्वतंत्र वेळ द्यावा. घरात मारहाण होते का, हा प्रश्न नवऱ्यासमोर न विचारता त्याच वेळी विचारावा, आणि उत्तर ‘होय’ असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती तिला द्यावी. ‘तो दारूत मारतो, शुद्धीत चांगला आहे’ हे वाक्य ऐकून मारहाणीची नोंद टाळणे, हा आपल्या क्षेत्रातील फार जुना दोष आहे.

गोपनीयता कोणत्या प्रसंगी मोडावीच लागते?

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. समुपदेशकाला सूट नाही आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. न्यायालयाने नोंदी मागवल्या तर त्या द्याव्या लागतात. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला जसे कायद्याचे संरक्षण आहे, तसे समुपदेशकाच्या संवादाला नाही. आत्महत्येचा ठोस बेत किंवा कोणाला इजा करण्याचा स्पष्ट इरादा दिसला, तर जिवाचे रक्षण आधी येते. हे सर्व बोलणे सुरू होण्यापूर्वी सांगायचे असते, माणूस मोकळा झाल्यावर नव्हे. आधी ‘सगळे माझ्यापाशीच राहील’ म्हणायचे आणि नंतर फोन उचलायचा, ही फसवणूक झाली.

गर्द (ब्राउन शुगर) किंवा एमडी (मेफेड्रोन) घेत असल्याचे एखाद्याने कबूल केले, तर पोलिसांना कळवायचे का?

केवळ सेवनाची कबुली हे पोलिसांत जाण्याचे कारण नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, सेवन हा कलम २७ खाली गुन्हा असला, तरी त्याच कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतील खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते, हेही सांगावे. रुग्णाच्या मनात ही भीती असतेच; तिच्याविषयी तो विचारेल याची वाट न पाहता आपणच बोलावे. कोणाकडून माल घेतो, किती वाजता, कुठल्या नाक्यावर, हे उपचारासाठी लागत नाही, म्हणून विचारू नये आणि लिहूही नये.

कंपनीने कामगाराला ‘तपासून अहवाल द्या’ म्हणून पाठवले आहे. काय करावे?

दोन टोप्या एका डोक्यावर घालू नयेत. जो अहवाल देणार तो उपचार करणार नाही, आणि जो उपचार करणार तो अहवाल देणार नाही, हे उत्तम. लहान शहरात हे नेहमी जमत नाही. तेव्हा निदान कामगाराला सुरुवातीलाच सांगावे की हे बोलणे मॅनेजमेंटपर्यंत कोणत्या स्वरूपात जाणार आहे, आणि त्याने लेखी होकार दिल्याशिवाय काहीही पाठवू नये. अहवालात कामाच्या दृष्टीने आवश्यक तेवढेच असावे. ‘सध्या यंत्रावर काम देऊ नये, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावे’ एवढे पुरेसे असते. वडील दारू पीत होते आणि पहिले लग्न मोडले, हे सुपरवायझरला कळण्याचे कारण नाही. घटस्फोटाच्या किंवा मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत हाच नियम अधिक कडकपणे पाळावा. एका पक्षाच्या सांगण्यावरून, दुसऱ्या व्यक्तीला न भेटता ‘ते व्यसनी आहेत’ असे पत्र कधीही देऊ नये. अशा पत्रासाठी येणारा माणूस फार कळवळून बोलतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

नकळत औषध देऊन दारू सोडवता येते, अशा जाहिराती असतात. घरचे तोच सल्ला मागतात.

स्पष्ट नकार द्यावा. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात आणि काही वेळा जीव जाऊ शकतो. हे औषध माणसाला पूर्ण कल्पना देऊन, हृदय व यकृत तपासून, डॉक्टरांनीच द्यायचे असते. भाजीत मिसळून ते देणे म्हणजे न सांगता केलेला जीवघेणा प्रयोग आहे. मूल्यमापनाच्या वेळी घरच्यांना एकट्याने गाठून ‘यापूर्वी काही मिसळून दिले होते का?’ असे मी नेहमी विचारतो. उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा होकारार्थी येते आणि ते डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक असते.

आमच्या केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ‘दाखल करा’ असाच निष्कर्ष निघतो. यात गैर काय?

मूल्यमापन करणाऱ्याचा पगार भरलेल्या खाटांवर अवलंबून असेल, तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. अनेकांना बाह्यरुग्ण उपचार, स्वमदत गट आणि नियमित समुपदेशन पुरते. दाखल करण्याची शिफारस असेल, तर तिचे कारण केस पेपरवर लिहिलेले असावे आणि पर्याय सांगितल्याचीही नोंद असावी. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे हे डॉक्टरांसाठी २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने निषिद्ध ठरवलेले आहे. समुपदेशकाने स्वतःला त्यातून वगळलेले समजू नये.

इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा मार्ग कायद्यात आहे, परंतु तो अरुंद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि आजार इतका तीव्र असावा लागतो की स्वतःला किंवा इतरांना इजेचा धोका आहे अथवा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, कळवावे लागते. रात्री चार माणसे पाठवून उचलून आणणे आणि सकाळी मूल्यमापनाचा कागद तयार करणे, हे या कलमात कुठेही बसत नाही. साखळीने बांधून ठेवण्यास तर कायद्याने संपूर्ण बंदी आहे.

मी स्वतः दारू सोडलेली आहे आणि आता समुपदेशक आहे. माझा अनुभव मूल्यमापनात सांगावा का?

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचे काम, पुण्यातील १९८६ पासूनच्या मुक्तांगणसह, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांच्या सहभागाशिवाय उभेच राहिले नसते. त्यामुळे हा अनुभव लपवण्यासारखा नाही. पण पहिल्या भेटीत समोरच्याची गोष्ट ऐकायची असते. ‘माझेही असेच होते’ हे वाक्य लवकर उच्चारले, की आपण त्याच्या उत्तरांत आपलीच उत्तरे ऐकू लागतो, आणि आपल्याला ज्या वाटेने सोडता आली तीच वाट त्याला लिहून देतो. स्लिप होण्याची, म्हणजे पुन्हा पिण्याकडे घसरण्याची भीती सध्या स्वतःलाच सतावत असेल, तर ते वरिष्ठांना सांगून काही दिवस मूल्यमापनाचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

गावातला ओळखीचा माणूस आला तर?

शक्य असेल तर दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे. शक्य नसेल, तर बाजारात भेटल्यावर ओळख दाखवायची की नाही, हे त्यालाच आधी विचारून घ्यावे.

नोंदी कशा लिहाव्यात?

रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २५ ने दिलेला आहे, म्हणून तो उद्या हे वाचणार आहे असे धरूनच लिहावे. ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द बोलण्यातही नसावेत, कागदावर तर नाहीच. पण ‘मॅनिप्युलेटिव्ह’, ‘डिनायलमध्ये आहे’ असे सुशिक्षित शिक्केही तितकेच घातक असतात. त्याऐवजी घडलेले लिहावे: ‘दोनदा विचारल्यावर प्रमाण सांगितले नाही; पत्नीच्या सांगण्यानुसार रोज एक क्वार्टर.’ कोणी काय सांगितले, हे वेगवेगळे दिसले पाहिजे. वाचून त्याने एखादी गोष्ट चुकीची आहे असे म्हटले, तर मूळ नोंद न खोडता त्याचे म्हणणे तारीख घालून शेजारी लिहावे.

मूल्यमापन झाल्यावर त्याने उपचार नाकारले, तर आपली जबाबदारी संपते का?

जिवाला तातडीचा धोका नसेल, तर प्रौढ माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार आहे. निष्कर्ष त्याला समजेल असा सांगावा, दारू एकदम बंद न करण्याविषयी आणि फिटच्या धोक्याविषयी सावध करावे, आणि पंधरा दिवसांनी फोन केला तर चालेल का, कोणत्या नंबरवर, हे विचारून ठेवावे. व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसची १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. बाहेर बसलेल्या घरच्यांना आतले काही न सांगताही त्यांच्या स्वतःच्या मदतीसाठी, पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या गटाच्या, म्हणजे अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीचा पत्ता देता येतो. माणूस आला नाही तरी त्या बैठकीला त्याची आई किंवा बायको एकटी जाऊ शकते.